रेषेबाहेरचा पाय

नागपूर, १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय जयू,

वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिणार होते, पण तू ते पाकिटासकट परत पाठवशील अशी धास्ती वाटली. म्हणून नुसतंच प्रिय. तेवढं ठेवून घे.

बाबांनी मला लिहायला लावलेलं नाही. पाहुणे पोहे खात बसले होते, तू मागच्या दाराने मॅच खेळायला गेलीस आणि तिथूनच कन्हानला सुभद्रामावशीकडे निघून गेलीस, याला आता दीड वर्ष होईल. बाबांचा राग उतरलेला नाही. तुझं तिकडे बरं चाललंय असं कानावर आलं की तो आणखी चढतो. ते तुम्ही बापलेकी बघून घ्या. मला पडलेलं कोडं वेगळंच आहे. मी तेव्हा होस्टेलवर होते, पोह्यांशी माझा काही संबंध नव्हता, मग अबोला माझ्याशीही का?

असो. मी कामासाठी लिहिते आहे. एम. एस. करायचं तर प्रबंध लागतो, आणि आमच्या देवतळे सरांनी मला विषय दिलाय: 'अंगझटीच्या खेळांतील खेळाडूंच्या मानेच्या दुखापती, व्याख्या आणि वर्गवारी'. जांभई आली ना? मलाही आली होती. हाडांच्या विभागात मी एकटीच बाई, म्हणून सरांनी कबड्डी खेळणाऱ्या मुलींचं काम माझ्या गळ्यात घातलं. पण विषयात शिरले आणि पहिल्याच शब्दावर अडकले. दुखापत म्हणजे नेमकं काय? एक्स-रेत दिसते ती? की दुखते ती? एक्स-रेत काही नसताना आठवडाभर अंथरुणात कण्हणारे मी पाहिलेत, आणि हाड मोडलेलं असताना सायकलवरून दवाखान्यात आलेला एक बहाद्दरही पाहिलाय. सर म्हणाले, "एवढा खल कशाला? ज्या दुखण्यामुळे खेळाडूला मैदान सोडावं लागतं, ती दुखापत. लिहा." मी लिहिलं. मग किती दिवस सोडावं लागलं त्यावरून वर्ग पाडायचे. ऐकायला फार सुटसुटीत वाटतं.

तू संघाची कप्तान. तुझ्या मुलींना मानेच्या दुखण्यांबद्दल विचारून कळवशील का? सोबत जबाबी कार्ड जोडलंय, म्हणजे तिकिटाचं निमित्त नको.

आणखी एक. मावशीचं पत्र आलं होतं. विदर्भाच्या संघाची निवड जानेवारीत आहे आणि तुझं नाव लागलं तर खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये खेळाडू म्हणून तुला नोकरी लागेल, मग लग्नाचा विषय काढायची कोणाची बिशाद नाही, असं तिने मोठ्या तोऱ्यात लिहिलंय. वाचून आनंद झाला, खरंच झाला. पण खाली, लोणच्याच्या आणि म्हशीच्या मध्ये, एक ओळ आहे: "जयू आजकाल चहाचा गिलास दोन्ही हातानं धरते, थंडी लयच वाजते तिले." कन्हानला नोव्हेंबरात इतकी थंडी पडते का गं? सहज विचारते.

तुझी,
ताई

नागपूर, ३ डिसेंबर १९७८

प्रिय जयू,

कार्ड मिळालं. "नाव जयवंता. वय तुले माईत आहे. मान जागेवर आहे. पोरींच्या बी माना जागेवर आहे." एवढाच मजकूर. डाकखात्याला फुकटचा त्रास. तरी दीड वर्षानंतर तुझं अक्षर पाहिलं आणि वाचता वाचता हसले. अक्षर मात्र शेवटी शेवटी फार घसरलंय. घाईत लिहिलंस की गुडघ्यावर ठेवून?

इकडे माझी गंमत चालली आहे. रोज संध्याकाळी एकेका मंडळाच्या मैदानावर जाते. रेशीमबाग झालं, इतवारी झाली. सीताबर्डीवरून जाताना शेंगदाणे घेते, ते मुलींना वाटते, मग त्या बोलतात. लाच म्हण. शब्द तर असे एकेक मिळतात! आमच्या पुस्तकात मानेला जेमतेम चार दुखणी दिली आहेत. मुलींच्या तोंडी मान धरते, मान भरते, मान लचकते, मान खाली बसते. खाली बसते म्हणजे काय, म्हणून विचारलं तर एकीने खांदे कानापर्यंत उचलून दाखवलं, जणू डोकं कुणी वरून दाबून खांद्यात घातलंय. चार जणी अंगावर पडल्या आणि डोकं आधी जमिनीवर आदळलं की तसं होतं म्हणे. आणि एक शब्द आहे, 'वीज जाणे'. मानेपासून खांद्यातून बोटापर्यंत सण्णकन काहीतरी जातं, हात क्षणभर मेल्यासारखा होतो, मग येतो परत. हे पुस्तकातही आहे, पण पुस्तकाला त्यासाठी अख्खं पान लागलंय आणि त्या पोरीने दोन शब्दांत उरकलं. मी रात्रंदिवस हेच घोळवत असते. मेसमध्ये जेवताना समोरचीला विचारलं, "तुझी कधी मान खाली बसली का?" ती बिचारी ताट उचलून दुसरीकडे गेली.

आता अडचण ऐक. इतक्या जणींना विचारलं, "मानेमुळे कधी मैदान सोडलं का?" एकजात सगळ्यांचं उत्तर, "नाही." एकीनेही नाही. म्हणजे सरांच्या व्याख्येप्रमाणे नागपुरात कबड्डी खेळणाऱ्या मुलींना मानेची दुखापत होतच नाही. सर खूश आहेत, म्हणाले, "हाही एक निष्कर्षच आहे." पण जयू, त्यातल्या निम्म्या मुली मी हाक मारली की मान वळवत नाहीत, अख्ख्या कमरेतून वळतात. उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं वाटतंय मला. कुठेतरी माझाच प्रश्न चुकतोय.

तुझ्याकडे तो गिलासाचा प्रश्न शिल्लक आहे.

ताई

नागपूर, २१ डिसेंबर १९७८

प्रिय जयू,

तुझं उत्तर नाही. चालेल, मी बोलत राहते, तुला माझी सवय आहे.

रविवारी चिटणीस पार्कवर मॅच बघत होते. शामला नावाची मुलगी आहे, चढाईला गेली की समोरच्या मुली मागे सरकतात. तिला चौघींनी मिळून मध्यरेषेजवळ दाबलं, तरी हात रेषेपलीकडे पोचवून ती सुटली. उठली, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि पुन्हा जागेवर उभी. पुढच्याच चढाईत काय केलं असेल? कोणी मागे लागलेलं नाही, कोणी धरलेलं नाही, आणि बाईसाहेबांनी चक्क बाजूच्या रेषेबाहेर पाय टाकला. पंचांनी शिट्टी मारली, बाद. शामला मुकाट्याने बाहेर जाऊन बसली आणि दोन्ही तळवे हनुवटीखाली लावून डोकं धरून राहिली. संघाने गुण मिळवला, ही जिवंत झाली, परत आत. थोड्या वेळाने पुन्हा पाय रेषेबाहेर.

मॅच संपल्यावर मी तिला गाठलं. आधी म्हणाली, "चुकून गेला पाय." मी शेंगदाणे पुढे केले. मग हसली. "अवं डॉक्टरबाई, बाद झालं का बसाले भेटते. कोणी इचारत नाही. आपून होऊन बसली तं सर नाव कापते ना. मंग रेषा द्या लागते."

रेषा देणे! तुम्ही सगळ्या जणी हे करता? मला कोणीच कसं सांगितलं नाही? दुसऱ्या खेळात मान दुखली तर मैदान सोडावं लागतं, सगळ्या जगाला दिसतं. कबड्डीत बाद होऊन बसता येतं आणि थोड्या वेळाने नियमानेच उठता येतं. दुखणं लपवायला खेळानेच जागा करून ठेवली आहे, आणि आम्ही शहाणे विचारत फिरतो, मैदान सोडलं का म्हणून. मी भर मैदानात मोठ्याने हसले. शामलाला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

आता प्रश्न बदललाय. मैदान सोडलं का असं विचारत नाही. विचारते, "मानेसाठी रेषा दिलीस का कधी?" आणि बांध फुटल्यासारख्या बोलायला लागल्यात. देवतळे सरांना सांगितलं तर म्हणाले, "हे शास्त्र आहे की पोलीस चौकशी?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, की बोलताहेत तर लिहून घ्या.

एक गोष्ट मात्र मस्करी न करता लिहिते. वीज एका हातात गेली तर बहुधा त्या बाजूची नस दबलेली असते. दुखतं, त्रास होतो, विश्रांतीने बरंच निवळतं. दोन्ही हातांत एकदम गेली, बोटं बधिर राहिली, वस्तू हातातून सुटायला लागली, तर भानगड नसेची नाही, मणक्याच्या आतल्या दोरीची आहे. त्यावर पुन्हा एकदा डोक्यावर पडणं झालं तर माणूस मानेखाली कायमचा लुळा पडू शकतो. मी एक असा पेशंट पाहिलाय. कुस्तीगीर होता. त्याच्याबद्दल लिहीत नाही.

तुझा पाय कधी रेषेला लागत नसे. लहानपणी अंगणात राखेची रेषा मारायचो तेव्हाही नाही. म्हणून निदान त्या बाबतीत मी निर्धास्त आहे.

ताई

नागपूर, ८ जानेवारी १९७९

प्रिय जयू,

मी निर्धास्त नव्हते. शनिवारी कन्हानला येऊन गेले.

मावशीलाही आधी सांगितलं नव्हतं. डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या मैदानावर बायकांमध्ये बसले होते. तू एकदा अगदी माझ्या समोरून गेलीस. बारीक झालीस. दम मात्र तोच, 'कबड्डी कबड्डी' असं एका सुरात, शेवटचा शब्दही पहिल्याइतकाच ठणठणीत. पहिल्या चढाईत दोघींना मारून आलीस तेव्हा मी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि पुन्हा खाली घेतले.

मग तुला कोपऱ्यात पकडलं. तू उठलीस आणि दोन्ही हात झटकलेस, ओले हात झटकतात तसे. आणि बाद होऊन बसून पुन्हा आत आलीस तेव्हा पुढच्या चढाईला तुझा पाय बाहेर गेला. सरळ, संथपणे, बघून टाकलेला पाय. तुमचे नत्थूजी सर ओरडले, "ध्यान कुठं आहे गा पोरी तुह्यं?" माझ्या शेजारची बाई म्हणाली, "हे पोट्टी पयले कधी रेषेले शिवत नव्हती. आता काय झालं काय मालूम." मला माहीत होतं काय झालं ते. तू बाहेर बसलीस, कोणीतरी पाण्याचा पेला दिला, तो तू दोन्ही हातांनी धरलास, आणि तरी पाणी सांडलं.

मी मैदानात का उतरले नाही, हे तू विचारशील. चार लोकांत मी डॉक्टर म्हणून तुझी मान धरली असती तर तुझं नाव तिथल्या तिथे कापलं गेलं असतं आणि तू मला जन्मभर माफ केलं नसतंस. हे एक. आणि दुसरं, मी घाबरले होते. परतताना बसमध्ये सारखं वाटत होतं की उतरावं आणि मागे जावं.

निवड एकवीस तारखेला. निवड समितीतले एक गृहस्थ देवतळे सरांचे मित्र आहेत. मी एक शब्द टाकला तर तुला कोणी मैदानात काय, मैदानाच्या कडेलाही उभं करणार नाही. रोज सकाळी सरांच्या खोलीबाहेर उभी राहते आणि परत फिरते. मी तो शब्द टाकलेला नाही, टाकणार आहे की नाही तेही मला माहीत नाही. तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही, म्हणून आधी तुला लिहिते आहे.

जयू, वीज एका हातात जाते की दोन्ही?

ताई

नागपूर, १५ जानेवारी १९७९

प्रिय जयू,

तुझं पत्र आलं. कार्ड नाही, चांगलं पाकिटातलं पत्र. मी ते ओपीडी सोडून जिन्यात बसून वाचलं.

"तू येऊन गेली हे मले मावशीनं सांगतलं, तुले कोनं तरी ओयखलं. राग नाही आला. पन तू इचारत होती ना, तुह्याशी काहून बोलत नाही. तं आयक. बाबाचं मी आयकत नाही. आईचं बी नाही. तुह्यं आयकते. पाहुने आले थ्या दिवशी तुले सांगतलं असतं तं तू समजावलं असतं, अन् मी परत जाऊन बसली असती पोहे घेऊन. म्हणून सांगतलं नाही, अन् मंग बोलाचीच भीती वाटे. आता बी तू मले समजावशीन अन् मी बसून जाईन घरी. नोकरी जाईन, मंग पाहुनेच पाहुने. म्हणून नोको समजावू ताई. खेळता येईन का नाही, येवढंच सांग."

दीड वर्ष मी स्वतःला विचारत होते की मी काय चुकले, आणि कारण हे! तुझं माझ्यावर इतकं प्रेम आहे की तू माझ्यापासून पळून राहिलीस. मला रडू आलं आणि रागही आला. जिन्यातून चढणाऱ्या सिस्टरने विचारलं, "कोई गुजर गया क्या मॅडम?" मी म्हटलं, नाही, कोणीतरी सापडलंय.

तर मी समजावणार नाही. शपथ. सरांच्या मित्राकडेही जाणार नाही. कालपर्यंत ठरलं नव्हतं, आज ठरलं. तुझं सगळं पणाला लागलंय आणि ते मला कळतं. कुठली नोकरी मोठी आणि कुठली मान मोठी, हे सांगणारी मी कोण? माझी मान शाबूत आहे आणि मला पगारही मिळतो.

पण तू प्रश्न विचारलास, "खेळता येईल का नाही." त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते एक्स-रेत आहे, आणि तू कोणत्या हातात काय होतं ते सांगशील त्यात आहे. मला सांगितलंस म्हणून तुझं नाव कोणी कापणार नाही. मी ते कोणाला दाखवणार नाही, प्रबंधातही घालणार नाही. यापुढे काय करायचं ते तू ठरव. मी रोज सकाळी ओपीडीत असते.

एवढं लिहून पत्र बंद करते, कारण आणखी एक ओळ लिहिली तर मी समजावायला लागेन.

ताई

नागपूर, २४ जानेवारी १९७९

प्रिय जयू,

तू वर स्त्रियांच्या वॉर्डात आहेस, मी खाली ड्युटीच्या खोलीत. मध्ये फक्त एक जिना आहे आणि मी पत्र लिहिते आहे. हे पत्र वॉर्डातली आया रंभाबाई तुझ्या डोळ्यांसमोर धरेल. तिला वाचता येत नाही, तेव्हा संकोच करू नकोस.

निवडीच्या आदल्या दिवशी तू मावशीला घेऊन, सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहून, केसपेपर काढून माझ्या टेबलासमोर आलीस. मी मान वर केली आणि तू म्हणालीस, "कोनं समजावलं नाही म्हणून आली." मग म्हणालीस, "दोन्ही हाताले जाते, ताई. दिवाळीपासून. तुलेच सांगून राहिली पयल्यांदा." मी तेव्हा फक्त 'बरं' म्हटलं आणि लिहायला खाली बघितलं, कारण मागे पंचवीस-तीस माणसं उभी होती आणि माझे डोळे भरले होते.

एक्स-रे सरांनी खिडकीशी धरून पाहिला. मग स्ट्रेचर मागवलं. कन्हानहून बसचे धक्के खात, त्या मानेने तू आलीस कशी, याचंच त्यांना आश्चर्य वाटत होतं. मानेचा एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकलाय. आतली दोरी अजून धड आहे, थोडी आवळली गेली आहे. म्हणून डोक्यामागे कप्पीवरून ते वजन सोडलंय. वजनाने मणका जागेवर येतोय, सकाळच्या फिल्ममध्ये दिसलं. बोटांतली मुंगी कमी झाली असं तू सिस्टरला सांगितलंस, ते मी दाराआडून ऐकलं.

सरांनी माझ्या प्रबंधातली व्याख्या खोडली, स्वतःचीच. नवी मी लिहायची आहे. अजून सुचलेली नाही. आता मला एवढंच दिसतं, की दुखणं किती मोठं आहे हे ते सांगायला किती जड जातं त्यावरून ओळखावं. सर म्हणतील हे मोजणार कसं? खरंच कसं मोजणार?

निवडीला तू दिसली नाहीस म्हणून चौकशी करत शामला काल भेटायला आली होती, तू झोपली होतीस. निवड झाली. तुझ्या जागी कामठीची एक मुलगी घेतली. शामलाला मी धरून बसवलं आणि तिची मान तपासली. तिची वीज एकाच हातात जाते, महिनाभर विश्रांती सांगितली. ऐकेल असं वाटत नाही.

आता तुझा प्रश्न. स्ट्रेचरवरून नेताना तू पुन्हा विचारलंस, "खेळता येईन का?" आणि मी म्हटलं, "पाहू." आम्ही डॉक्टर लोक पाहू म्हणतो तेव्हा आम्ही पाहिलेलं असतं. तू माझ्याशी खरं बोललीस, तेव्हा मीही बोलते.

नाही, जयू. कबड्डी आता नाही. कधीच नाही. हात चांगले राहतील, चालशील, पळशीलही, चहाचा गिलास एका हाताने धरशील. पण चढाई नाही. खापरखेड्याच्या नोकरीचं काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि 'होईल काहीतरी' असं खोटं मी लिहिणार नाही. बाबांना अजून कळवलेलं नाही. कधी कळवायचं, कळवायचं की नाही, ते तू सांगशील. पाहुणे आले तर या वेळी त्यांना पोहे मी देईन आणि दारही मीच दाखवीन.

हे तुला माझ्या तोंडून पहिल्यांदा कळू नये, एकटीने वाचून काय रडायचं ते रडून घ्यावंस, म्हणून लिहिलं. अर्ध्या तासाने मी वर येते. माझा राग आला असेल तर डोळे मिटून घे, बोलू नकोस, नाहीतर हव्या तेवढ्या शिव्या दे. पण माझ्याकडे पाठ करायला जाऊ नकोस गं. मान अजिबात वळवायची नाही.

ताई